दुखणाइताची भाकर

चार दिवसांचे दुखणे पाहुण्यासारखे असते. ते येते, घराची थोडी धावपळ करते आणि आपल्या वाटेने निघून जाते. ताप आला तर शेजारीण पेज आणून देते, मुकादम दोन खाडे माफ करतो आणि पाचव्या दिवशी माणूस पुन्हा कामावर हजर होतो. लांबणाऱ्या दुखण्याची गोष्ट निराळी आहे. मधुमेह, दमा, क्षय, फेफरे, संधिवात, मूत्रपिंडाचा विकार, मनाचे आजार ही दुखणी घरात बिऱ्हाड करून राहतात. त्यांची पहिली झळ शरीरास लागते हे खरे. परंतु दुसरी झळ लागते ती चुलीस. अशा रोग्यास भेटावयास येणारे आप्त 'प्रकृती कशी आहे?' असे आस्थेने विचारतात, औषध सुचवितात, क्वचित नवसही बोलतात. 'तुमच्या कामाचे काय झाले?' हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारीत नाही. तोच प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे ठेवणार आहोत. कारण रोग्याच्या उशाशी रात्री जी चिंता जागी असते, ती पुष्कळदा रोगाची नसून रोजगाराची असते.

हा विषय नीट ध्यानी यावा म्हणून वाचकांस आम्ही थोडे दूर, गुजरातेतील बडोद्यास घेऊन जातो. गायकवाडांच्या अमदानीपासून मराठी कुटुंबे या शहरात नांदत आली आहेत आणि आज वडोदरा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या नगरीत मराठी बोल अजूनही कानी पडतात. तिच्या जुन्या भागात नागरवाडा नावाची दाट वस्ती आहे. एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाची साथ देशात नुकतीच पसरू लागली असता, या नागरवाड्यात रोग्यांची संख्या एकाएकी वाढली. महापालिकेने हा भाग लाल क्षेत्र ठरविला आणि येण्याजाण्याचे रस्ते बंद केले. देशभर टाळेबंदी होतीच. परंतु इथला बंदोबस्त अधिक कडक होता.

त्या दिवसांत नागरवाड्यातील घराघरांत काय घडले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. ज्यांस रोगाचा स्पर्शही झाला नव्हता, अशी धडधाकट माणसे दाराआड बसून राहिली. शिंप्याच्या बोटांतील कसब कायम होते, हमालाच्या पाठीत बळ होते, लारीवर भाजी विकणाऱ्याचा गळा शाबूत होता. पण कामावर जाण्याची वाट बंद होती. हात चांगले असून हातांस काम नाही, ही अवस्था साऱ्या वस्तीने अनुभवली. पुढे रस्ते उघडले, लोक कामास लागले आणि ते दिवस मागे पडले. परंतु ज्यांच्या घरात दीर्घकाळचा रोगी आहे, त्यांच्यासाठी ती टाळेबंदी उठलेलीच नाही. साथ येण्यापूर्वीही ती होती आणि आजही आहे.

यावरून जी एक गोष्ट आम्हांस सांगावयाची आहे ती अशी की, काम करण्याची शक्ती आणि कामापर्यंत पोहोचण्याची वाट या दोन भिन्न गोष्टी आहेत. पुष्कळशा दुखणाइतांची शक्ती पुरती नाहीशी झालेली नसते. त्यांची वाट मात्र बंद झालेली असते. आपण शक्ती गेली असे समजतो, हळहळतो, आणि रोग्यास कोपऱ्यात बसवितो. खरे पाहता वाट कुठे अडली आहे ते शोधले पाहिजे. ती बहुधा तीन ठिकाणी अडते : वेळेपाशी, कामाच्या रीतीपाशी आणि माणसांच्या मनातील भीतीपाशी. या तिन्हींचा आपण क्रमाने विचार करू.

प्रथम वेळ. ज्याची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत, त्यास यंत्राच्या साह्याने रक्त शुद्ध करून घ्यावे लागते. यास डायलिसिस म्हणतात, हे आता खेड्यापाड्यांतही ठाऊक झाले आहे. आठवड्यातून दोनदा वा तीनदा, आणि प्रत्येक खेपेस सुमारे चार तास, रोग्याने यंत्रापाशी पडून राहावयाचे. जाणे, येणे आणि नंतरचा थकवा धरला, तर तो दिवस संपलाच. २०१६ पासून केंद्र सरकारच्या योजनेतून जिल्हा रुग्णालयांत गरिबांना हा उपचार विनामूल्य मिळू लागला, ही मोठीच गोष्ट झाली. परंतु उपचार फुकट झाला, तरी दिवसाची मजुरी फुकट जाते, त्याचे काय? आठवड्याचे तीन दिवस गैरहजर राहणाऱ्यास कोणता कारखानदार हजेरीपटावर ठेवील? आणि तरीही, उरलेल्या दिवसांत तो माणूस हिशेब लिहू शकतो, दुकान सांभाळू शकतो, शिकवणी घेऊ शकतो. त्याच्यापाशी आठवड्याचे निम्मे दिवस आहेत. पण आपल्याकडे नोकरी एक तर पूर्ण असते, नाहीतर मुळीच नसते. निम्म्या दिवसांची प्रतिष्ठित नोकरी आपण अजून फारशी निर्माण केलेली नाही.

दुसरी गोष्ट कामाच्या रीतीची. मधुमेह्याचेच उदाहरण घ्या. इन्सुलिन टोचून घेणाऱ्यास जेवण वेळेवर लागते. पाळी लांबली, जेवणाची सुट्टी चुकली, म्हणजे रक्तातील साखर उतरते. घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते. सोबत्यांस वाटते, स्वारी दारू पिऊन आली! अशा वेळी दोन चमचे साखर तोंडात घातली असता जो माणूस थोड्याच वेळात सावध होतो, त्याच्यावर दारूबाजीचा ठपका बसावा, ही अज्ञानाची परमावधी नव्हे काय? इथे रोग्यास हवे आहे ते फार थोडे : जेवणाची वेळ चुकू नये आणि खिशात साखरेची पुडी असावी, एवढेच.

बडोद्याच्या पूर्वेस व आग्नेयेस छोटा उदेपूर आणि नर्मदा हे आदिवासी जिल्हे आहेत. आपल्या महाराष्ट्रात नंदुरबार व गडचिरोली. या पट्ट्यात सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार आढळतो. आईबापांकडून तो रक्तातूनच येतो. त्यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना उठतात. २०२३ च्या जुलैमध्ये या रोगाच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. शहरातील इमारतींवर विटा वाहणाऱ्या मजुरांत असे तरुण असू शकतात. उन्हात पाण्याविना राबणे, थंडीत कुडकुडणे आणि अतिश्रम या गोष्टी त्यांच्या वेदनेस आमंत्रण देतात. त्यांच्या मुकादमाने पिण्याचे पाणी हाताशी ठेवले, भर दुपारी सावली दिली आणि ओझ्याऐवजी दुसरे काम सांगितले, तर पुष्कळ खाडे टळतील. परंतु मुकादमास हे ठाऊक नसते. आणि मजूर सांगत नाही, कारण सांगितले तर उद्यापासून येऊ नकोस असे ऐकावे लागेल, ही त्याची धास्ती.

येथे आपण तिसऱ्या, आणि आमच्या मते सर्वांत बिकट, अडथळ्यापाशी येतो. तो म्हणजे भीती. क्षयाचे नाव काढताच अजूनही घरातील भांडी वेगळी होतात. एके काळी या भीतीस कारण होते. औषध नव्हते, हवापालटासाठी दूरच्या आरोग्यधामात महिनेन्‌महिने पडून राहणे एवढाच उपाय होता आणि तेवढ्या अवधीत नोकरी कुणाची टिकणार? पुढे औषधे निघाली, तेव्हा १९५६ साली मद्रासेत एक मोठा प्रयोग सुरू झाला. गरीब वस्तीतील क्षयरोग्यांचे दोन गट केले. एकास आरोग्यधामात ठेवले, दुसऱ्यास त्याच्याच घरी औषध दिले. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : अपुरे अन्न आणि दाटीवाटीचे घर असूनही, नियमित औषध घेणारे घरचे रोगी जवळजवळ आरोग्यधामातील रोग्यांइतकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्या माणसांस त्यामुळे अधिक बाधाही झाली नाही. आपल्याच देशातील गरिबांनी दिलेला हा पुरावा साऱ्या जगाने मानला. आज साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा आहे, आणि योग्य औषध सुरू झाल्यावर रोग्यापासून इतरांस असणारा धोका लवकर ओसरू लागतो. सामान्यतः काही आठवड्यांनी, डॉक्टरांच्या सल्ल्याने, तो पुन्हा कामावर जाऊ शकतो. सरकार त्यास उपचाराच्या काळात पोषणासाठी मासिक साहाय्य देते. २०१८ साली ते ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाले. रोग सहा महिन्यांत जातो. त्या सहा महिन्यांत गेलेली नोकरी मात्र सहा वर्षांतही परत मिळेलच असे नाही.

या भीतीस न्यायालयानेही एकदा चांगले उत्तर दिले आहे. मुंबईतील एका रोजंदारी कामगारास सार्वजनिक क्षेत्रातील एका महामंडळाने केवळ त्याच्या रक्तात एच.आय.व्ही.चा विषाणू आढळला म्हणून कामावरून दूर केले. माणूस हिंडताफिरता होता; काम करण्यास समर्थ होता. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निर्णय दिला. त्या निकालपत्रात त्याचे नाव नाही. समाजात त्याची मानहानी होऊ नये म्हणून नावाच्या जागी दोन अक्षरे लिहिली आहेत. न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय असा की, जो माणूस आपले काम करू शकतो आणि कामाच्या जागी इतरांस अपाय करीत नाही, त्यास केवळ रोगाच्या नावाखाली उपाशी ठेवता येणार नाही. पुढे २०१७ साली या रोगासंबंधी स्वतंत्र कायदा झाला, तो सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आला, आणि या रोग्यांशी नोकरीत भेदभाव करण्यास त्याने मनाई केली. आमच्या मते त्या निकालातील कसोटी प्रत्येक दुखण्यास लावण्याजोगी आहे. रोगाचे नाव काय, हे विचारू नये. हा माणूस हे काम करू शकतो काय, एवढेच विचारावे.

कुणी म्हणेल, हे सारे बोलावयास ठीक, पण आजारी माणसाच्या सोयीने काम कसे चालेल? या शंकेचे उत्तर बडोद्याच्याच इतिहासात आहे. श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांनी त्या राज्यावर १८७५ पासून १९३९ पर्यंत राज्य केले. सक्तीचे प्राथमिक शिक्षण, ग्रंथालये, न्यायव्यवस्था यांविषयीचे त्यांचे कार्य सर्वश्रुत आहे. त्यांच्या प्रकृतीची कहाणी मात्र तितकी माहीत नाही. तरुण वयातच कामाच्या ताणाने त्यांस निद्रानाशाने व अशक्ततेने ग्रासले. वैद्यांच्या सल्ल्याने १८८७ मध्ये ते प्रथम युरोपास गेले, आणि पुढे आयुष्यभर प्रकृतीसाठी त्यांस वारंवार परदेशी राहावे लागले. तरी राज्य बुडाले नाही. दिवाण आणि अधिकारी कारभार पाहत. महत्त्वाचे कागद महाराजांकडे जात, आणि तेथून आज्ञा येत. सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग त्यांनी १८९३ मध्ये अमरेलीत सुरू केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या राज्यास लागू केला, तो हे दुखणे सोबत असतानाच.

म्हणजे काय झाले? कामाची जागा बदलली, वेळ बदलली, ओझे वाटून घेतले गेले. पण माणूस कामावर राहिला. आणि संशय त्यांसही चुकला नाही. संस्थानिकांनी परदेशी जाण्यापूर्वी सरकारची परवानगी घ्यावी, असे फर्मान लॉर्ड कर्झन यांनी १९०० साली काढले आणि ते महाराजांस फार लागले. वरून ठीक दिसणाऱ्या रोग्याचे दुखणे वरच्या अधिकाऱ्यास खरे वाटत नाही, हा अनुभव राजासही येतो, मग नागरवाड्यातील कारकुनाची वा विणकराची कथा काय! कोरोनाची साथ ओसरल्यावर ज्यांचा थकवा महिनोन्‌महिने गेला नाही, ज्यांस जिना चढताना धाप लागे व हिशेबात मन लागेना, त्यांसही 'तुम्ही तर आता बरे झालात' हेच ऐकावे लागले. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये या दुखण्याची व्याख्या ठरविली, तेव्हा कुठे ते कागदावर खरे ठरले. राजास जी सवलत त्याच्या अधिकाराने मिळते, ती कष्टकऱ्यास कायद्याने आणि माणुसकीने मिळावी, एवढेच आमचे म्हणणे.

कायद्याने याविषयी काहीच केले नाही असे नाही. १९४८ साली कामगार राज्य विमा कायदा झाला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. कामगार आणि मालक दोघेही दरमहा वर्गणी भरतात. साध्या आजारात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम कामगारास मिळते. क्षय, कुष्ठ, कर्करोग, पक्षाघात, काही मानसिक आजार अशा ३४ लांबणाऱ्या दुखण्यांची एक वेगळी यादी आहे; ठराविक काळ नोकरी व वर्गणी झालेली असेल, तर त्यांत ८० टक्क्यांपर्यंत रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. आजारभत्ता घेत असलेल्या कामगारास मालकाने त्या काळात काढून टाकू नये, असा दंडकही १९४८ च्या कायद्याने घातला होता. हा कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे. बडोद्यात गोत्री भागात या योजनेचे रुग्णालय आहे. कारखान्यात काम करणारे किती वाचक आपला विमा क्रमांक सांगू शकतील? आणि लांबलेल्या दुखण्याच्या या दोन वर्षांच्या तरतुदीविषयी किती जणांनी ऐकले असेल? हक्क असूनही तो ठाऊक नसावा, हे गरिबास परवडणारे नाही.

दुसरा आधार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा आहे. त्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व मानले आहे. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, कंपवात, मानसिक आजार, बरा झालेला कुष्ठरोग यांचाही त्यात समावेश आहे. सरकारी नोकरीत असताना कुणास दिव्यांगत्व आले, तर त्यास काढून टाकू नये; ते काम झेपत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे द्यावे, असे हा कायदा सांगतो. कामाची रीत माणसाप्रमाणे बदला, माणूस बदलू नका, हेच तत्त्व येथे कायद्याच्या भाषेत उतरले आहे.

तथापि या दोन्ही छपरांखाली किती माणसे मावतात, याचाही विचार केला पाहिजे. दहाहून कमी माणसांच्या कारखान्यात, शेतावर, बांधकामावर, लारीवर, परघरच्या धुण्याभांड्यांवर जगणाऱ्या बहुसंख्य कष्टकऱ्यांस आजारभत्ता नाही. आयुष्मान योजनेत पात्र कुटुंबास रुग्णालयाचा खर्च मिळतो. बुडालेली मजुरी मिळत नाही. ज्याचे नाव हजेरीपटावरच नाही, त्याची नोकरी गेली हे तरी सिद्ध कसे करावयाचे?

बडोद्याच्या ईशान्येस असलेल्या गोध्र्याकडे पाहिले, म्हणजे याचा अर्थ कळतो. तेथील गारगोटीचा दगड दळणाऱ्या कारखान्यांत मध्य प्रदेशातील आदिवासी मजूर कामास येत. त्या दळणाची पांढरी धूळ श्वासावाटे फुप्फुसांत जाऊन बसते आणि फुप्फुसे दगडासारखी कठीण होत जातात. या रोगास सिलिकोसिस म्हणतात. तो बरा होत नाही. धाप लागू लागली की मजूर गावी परतत, आणि गावातच मरत. पुष्कळांपाशी आपण त्या कारखान्यात राबलो याचा चिटोराही नव्हता. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१० मध्ये अशा २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याची शिफारस गुजरात सरकारला केली. आणि अखेर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम देण्याचा आदेश दिला. रोग कामाने दिला, कामानेच माणसास बाहेर टाकले, आणि न्याय पोहोचला तो त्यांच्या विधवांच्या हाती. त्या धुळीस पाण्याच्या फवाऱ्याने बसविता येते, यंत्रास झाकता येते, हवा शोषून बाहेर काढता येते. हे उपाय जुने आहेत. ते वेळीच झाले असते, तर ती माणसे आज घरी असती.

याच्या उलट चित्र पाहावयाचे असेल, तर चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्यास जावे. तेथे १९४९ मध्ये बाबा आमटे व साधनाताई यांनी मोजक्या कुष्ठरोग्यांना सोबत घेऊन आनंदवनाची उभारणी आरंभिली. जमीन खडकाळ होती, पाणी नव्हते. ज्यांची बोटे झडली होती, ज्यांस गावाने शिवेबाहेर घालविले होते, त्या माणसांनी विहिरी खोदल्या, शेती केली, घरे बांधली. पुढे माग आले, कार्यशाळा आल्या, शाळा व महाविद्यालयही उभे राहिले. कुष्ठरोगावर १९८२ पासून बहुविध औषधांचा खात्रीचा उपचार सुरू झाला; पण त्याच्या कितीतरी आधी आनंदवनाने सिद्ध केले की रोग्यास भीक नको, अवजार हवे. बोटे नसतील तर अवजाराची मूठ बदला. पण अवजार हाती द्या.

आता वाचक बंधुभगिनींनो, आपण आपल्या घराकडे वळू. आतापर्यंत आम्ही कारखानदार, मुकादम, महामंडळ यांच्याविषयी बोललो. परंतु मालक म्हणजे केवळ गिरणीचा धनी, असे समजण्याचे कारण नाही. भातलावणीस बाया बोलावणारा शेतकरी मालकच आहे. होडीवर खलाशी घेणारा नाखवा मालकच आहे. घरबांधणीस गवंडी लावणारा, वाडीत फुले खुडावयास मजुरीण ठेवणारा, आणि भांड्यांस बाई लावणारी गृहिणी, ही सारी मालकच होत. भांडी घासणाऱ्या बाईस खोकला सुरू झाला, तर आपण काय करतो? पुष्कळ घरी तिचा हिशेब चुकता होतो आणि दुसरी बाई शोधली जाते. तिला सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करून घ्यावयास पाठवावे, उपचार सुरू झाल्यावर डॉक्टर सांगतील तितके दिवस विश्रांती द्यावी, त्या दिवसांचे वेतन शक्य तितके द्यावे, आणि 'बरी झालीस की ये, तुझी जागा आहे' असे सांगावे. हे काही फार मोठे औदार्य नव्हे. परंतु या एका वाक्याने ती बाई औषध अर्धवट सोडणार नाही. कामावर लवकर परतण्याच्या घाईत जे औषध सोडतात, त्यांचाच रोग चिवट होतो आणि मग तो साऱ्या वस्तीस भोवतो.

घरातील रोग्याविषयीही दोन शब्द. पुरुष आजारी पडला की त्याची नोकरी गेली असे आपण म्हणतो. स्त्री आजारी पडली तर नोकरी गेली असे कुणी म्हणत नाही, कारण तिच्या कामास आपण नोकरी मानीतच नाही. सांधे आखडलेली आई पहाटे उठून भाकऱ्या थापते, आणि तिला सुट्टी देणारा कोणताही कायदा नाही. तिचा मालक म्हणजे आपणच. शिवाय ज्या घरी दीर्घकाळचा रोगी असतो, तेथे पुष्कळदा एक नव्हे, दोन रोजगार बुडतात : एक रोग्याचा, दुसरा त्याच्या शुश्रूषेस बसणाऱ्या सुनेचा वा मुलीचा. थोरली मुलगी शाळा सोडून घरी राहिली, की तिचा पुढचा रोजगारही त्याच दिवशी बुडाला असे समजावे. म्हणून शुश्रूषेची पाळी लावावी. भाऊबंदांनी आठवड्यातील एकेक दिवस वाटून घ्यावा. शेजाऱ्यांनी रोग्यास दवाखान्यात नेण्याची एक खेप पत्करावी. आपल्या धर्मग्रामातील मंडळे सणासुदीस फळे वाटतात, ते चांगलेच आहे; परंतु एखाद्या रोग्याच्या मुलीस शाळेत टिकविणे, किंवा उठूबसू लागलेल्या तरुणास बैठे काम मिळवून देणे, हे त्याहून मोलाचे आहे.

रोग्यांनीही काही पथ्ये पाळावीत. दुखणे लपवू नये. निदान विश्वासाच्या एका वरिष्ठास व एका सोबत्यास ते सांगून ठेवावे, म्हणजे अडीअडचणीस कुणी धावेल. दवाखान्याचे कागद, औषधांच्या चिठ्ठ्या, वेतनाच्या पावत्या, विम्याचे पत्र हे सारे एका पिशवीत जपून ठेवावे. गोध्र्याच्या मजुरांपाशी तेवढेच नव्हते. राजीनामा देण्याची घाई करू नये. पुष्कळ माणसे लाजेने वा त्राग्याने स्वतःच नोकरी सोडतात आणि मग हक्काचा भत्ताही गमावून बसतात. आधी दुसरे काम मागावे, कमी वेळ मागावा, रजा मागावी. आणि मागताना मान खाली घालू नये, कारण ही भिक्षा नव्हे. प्रत्येक रोगी काम करूच शकेल असे मात्र आम्ही म्हणत नाही. ज्याची शक्ती खरोखरच सरली आहे, त्यास कामास जुंपणे हे क्रौर्य होईल. त्यास अन्न, औषध आणि आदर देणे हे कुटुंबाचे आणि समाजाचे कर्तव्यच आहे. माणसाची किंमत त्याच्या मजुरीवरून ठरत नाही. परंतु ज्यास काम करता येते व करावेसे वाटते, त्यास दयेपोटी बसवून ठेवणे हाही एक अन्यायच होय.

या आठवड्यात वाचकांनी एवढेच करावे : आपल्या गावात, आपल्या आळीत, दुखण्यामुळे काम सुटलेला एखादा माणूस आठवावा आणि त्याच्या घरी जावे. प्रकृती विचारून झाल्यावर थोडे थांबावे आणि विचारावे, 'आता तुम्हांला कोणते काम झेपेल?' उत्तर मिळण्यास वेळ लागेल, कारण हा प्रश्न त्यास बहुधा पुष्कळ दिवसांत कुणी विचारलेला नसेल. उत्तर मिळाले की ते घेऊन आपण गावात काम शोधावयास निघावे. तो माणूस निम्मेच दिवस येऊ शकत असेल, तर निम्म्या दिवसांचे काम शोधावे. उभे राहवत नसेल, तर बसून करावयाचे शोधावे. गावात असे काम नसते असे नाही. ते आजवर कुणी शोधले नाही, इतकेच.